मी ‘घे’ म्हणेपर्यंत

माझं वजन ८२ किलो आहे आणि त्यातलं निदान सहा किलो निव्वळ ज्ञान आहे. ते कमरेभोवती साठलंय, एवढंच. पतसंस्थेच्या काउंटरवर बसून मी स्नायूंविषयी जे जे वाचलं, ते माझ्या अंगावर दिसलं पाहिजे असा हट्ट धरणाऱ्यांना मी सांगतो, की गाण्याचा समीक्षक स्वतः गात नसतो. त्यावर बायको म्हणते, ‘‘समीक्षक निदान मैफलीत मध्येच उठून गवयाच्या मांडीवर थाप मारून सूर सांगत नाही.’’

त्यात मी कोल्हापूरचा. व्यायामावर बोलायला या गावात पात्रता लागत नाही, ती जन्मतःच मिळते. शाहू महाराजांनी पेठापेठांतल्या तालमींना आश्रय दिला, १९१२ साली खासबागचं मैदान उभं केलं, आणि तेव्हापासून इथल्या प्रत्येक घराण्यात किमान एक आजोबा पैलवान निघाले. आमच्याकडेही होते. ते कुणाशी लढले असं विचारलं की वडील चहा मागवायचे. पुढे एका चुलत्यांनी सांगितलं, की आजोबा मैदानाच्या दिवशी खासबागेबाहेर शेंगा विकायचे. त्या शेंगा पैलवानांनीच खाल्ल्या असणार, असं म्हणून मी घराण्याची परंपरा टिकवून धरली आहे.

आमच्या पेठेतल्या तालमीचं नाव हल्ली फुटबॉलच्या संघामुळे आणि गणपतीच्या मिरवणुकीमुळे जास्त घेतलं जातं. पण खालच्या मजल्यावर लाल मातीचा हौद अजून आहे आणि हौदाशी वस्ताद आहेत. वर पत्र्याचं छप्पर टाकून जिम केली आहे आणि तिथं मी आहे. हुद्दा कुणी दिलेला नाही. मी संध्याकाळी सहानंतर असतो, म्हणून आहे.

खाली नवा पोरगा आला की वस्ताद त्याच्या हातात फावडं देतात. हौद खणायचा, माती उलथायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवायचं आणि जोर-बैठका काढायच्या. डाव कधी शिकवणार असं विचारायची सोय नाही. शिकवायचा तेव्हा शिकवतात. वस्तादांच्या तोंडून संध्याकाळभरात पाच-सहा शब्द पडत असतील, तेही बहुतेक ‘‘हूं’’ आणि ‘‘पुन्हा’’. पोरं ते शब्द वरच्या वर झेलतात. आणि इकडे वर मी तासभर मुद्देसूद, शास्त्राधार देऊन, दोन्ही बाजू मांडून बोलतो, तर पोरं कानात बोंडं घालून माझ्याकडे पाठ करतात. हे मला बरीच वर्षं सलत होतं.

अशा वेळी मेव्हणा आला.

बायकोचा धाकटा भाऊ. गाव गडहिंग्लजकडचं, नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, मुक्काम आमच्या हॉलमध्ये. वजन ५४ किलो, वैशाखात लग्न ठरलेलं. सुपारी फुटली त्या दिवशी मुलीच्या मामांनी पंगतीत मोठ्यानं म्हटलं होतं, ‘‘पोरगं गुणाचं हाय, जरा किरकोळ हाय एवढंच.’’ ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

‘‘दाजी, बॉडी करायचीया.’’

‘‘किती दिवसांत?’’

‘‘लग्नापतोर.’’

मला भरून आलं. कुणीतरी मला व्यायामाबद्दल आपण होऊन विचारत होतं. खरं म्हणजे त्यानं जिमची फी किती आणि चावी कुणाकडे असते, एवढंच विचारलं होतं. पण धरणाचा दरवाजा उघडायला तेवढी फट पुरते.

पहिल्या संध्याकाळी मी त्याला खाशाबा जाधव सांगितले. कराडजवळच्या गोळेश्वरचा माणूस, शिकला आपल्या कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात. १९४८ ला लंडनला सहावा आला, १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ. प्राचार्य खर्डेकरांनी पोराच्या प्रवासासाठी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आणि गट कुठला? ५७ किलोचा! ‘‘म्हणजे पाव्हणं, तुमच्यापेक्षा फक्त तीन किलोनं जास्त. वजनावर काही नसतं.’’

मेव्हण्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘दाजी, मला पदक नको. शेरवानी खांद्यावर उभी राह्यली पायजे, बास.’’

दुसऱ्या दिवशी मी क्रोटनचा मायलो काढला. हा ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातला ग्रीक पैलवान. तो रोज एक वासरू खांद्यावर उचलायचा अशी कथा आहे. वासरू रोज थोडं वाढायचं, मायलोची ताकदही त्याच्या मागोमाग थोडी वाढायची, आणि एक दिवस खांद्यावर सबंध बैल! वजन चढवत नेण्याचं सगळं शास्त्र या एका वासरात आहे. मोठा रॉड वीस किलोचा असतो, आधी तो नुसता उचलायचा. तो नीट जमला की दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो. पुढच्या खेपेला पुन्हा सव्वा-सव्वा.

‘‘आमची म्हस गाभण हाय,’’ मेव्हणा म्हणाला. ‘‘रेडकू झालं की बघू.’’ आणि तीस किलो लावून बायसेप मारायला गेला.

मारला म्हणजे काय, तर कमरेला हिसका देऊन रॉड वर फेकला आणि तो खाली येताना त्याच्यामागून स्वतःही खाली आला. मी जाऊन समजावलं, की बायसेप हा लहान स्नायू आहे. दंडाचा दोन तृतीयांश भाग मागच्या ट्रायसेपचा असतो, तेव्हा बाही भरायची असेल तर मागची बाजू धर. आणि खरं म्हणजे आधी पाय धर. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू कमरेच्या खाली आहेत.

‘‘पाय प्यांटीत असत्यात दाजी. कोण बघतंय?’’

या प्रश्नाला व्यायामशास्त्रात उत्तर नाही. मी शोधलं आहे.

मग मी तक्ता केला. पतसंस्थेच्या संगणकावर, जेवणाच्या सुट्टीत (आणि थोडा सुट्टीबाहेर), रंगीत. आठवड्यातून तीन दिवस, एका दिवसाला पाच व्यायाम, प्रत्येकाचे दहादहाचे तीन सेट. हे तीन-दहाचं प्रकरणही मी तळटीप देऊन समजावलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डिलॉर्म नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरनं जखमी सैनिकांचे पाय वजनं देऊन पूर्ववत केले, त्यातून पुढे ही पद्धत रुळली. उजव्या कोपऱ्यात प्रथिनांचा हिशेब. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यानं किलोमागे साधारण १.६ ग्रॅम धरावं, म्हणजे मेव्हण्याला दिवसाला ८६ ग्रॅम. एका अंड्यात सहा. खाली एक कोरा रकाना, ‘दाजींचा शेरा’. असा तक्ता मी लॅमिनेट करून आणला.

त्याचा उपयोग झाला नाही असं म्हणता येणार नाही. त्या आठवड्यात वीज फार जायची, आणि लॅमिनेट केलेल्या कागदानं वारा झकास लागतो. पुढे मेव्हण्यानं तो उलटा करून त्यावर कांदा चिरला. शेऱ्याचा रकाना अजून कोरा आहे.

मी बायकोकडे तक्रार केली, की तुझा भाऊ कुणाचंच ऐकत नाही. ती म्हणाली, ‘‘सगळ्यांचं ऐकतोय की.’’ आणि हे खरं निघालं. तो न्हाव्याचं ऐकत होता, न्हाव्यानं त्याला उपाशीपोटी केळी सांगितली होती. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरच्या गवळ्याचं ऐकत होता आणि समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध एका दमात लिटरभर पीत होता. त्यानंतर कंपनीत त्याची पाळी मशिनवर कमी आणि संडासात जास्त जायची, पण गवळ्यावरची श्रद्धा ढळली नाही. कंपनीतल्या एका फिटरचं ऐकून त्यानं वजन वाढवायच्या भुकटीचा तीन किलोचा डबा आणून कॉटखाली ठेवला होता. मी चष्मा लावून डब्याचं लेबल वाचलं. आत बहुतेक सगळं माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे झटकन पचणारं पिष्ट. मी म्हटलं, ‘‘पाव्हणं, एवढ्या पैशात तुमच्या आक्कानं तुम्हाला वर्षभर शिरा करून घातला असता.’’ बायकोनं त्या रात्री शिरा केला. मला वाटीभर, त्याला कढईभर. डबा कॉटखाली होता तिथंच राहिला.

आणि सगळ्यांवर कळस म्हणजे मोबाइल. त्यात त्याचे शंभरेक गुरू होते. प्रत्येकाचं पोट सपाट, प्रत्येकाचं ज्ञान तीस सेकंदांचं. माझं एक वाक्यच तीस सेकंदांत संपत नाही, तिथं मी टिकणार कसा?

पायांचंही तसंच झालं. मी पंधरा दिवस पाय-पाय करत होतो, तेव्हा पाय प्यांटीत होते. मग मोबाइलमधला कुणीतरी उघडा माणूस म्हणाला, ‘आहे का हिंमत? तीनशे बैठका!’ आणि मेव्हण्यानं कंपनीतल्या दोघांबरोबर रविवारी सकाळी रंकाळ्यावर तीनशे बैठका काढल्या. दुपारी जेवून झोपला. संध्याकाळी माझ्याकडे बघून छाती काढून हसला. मी काही बोललो नाही. पहिल्यांदा कष्ट दिलेले स्नायू त्याच दिवशी बोलत नसतात, एक ते तीन दिवसांत बोलतात, हे मला ठाऊक होतं.

सोमवारी तो भिंत धरून उठला. मंगळवारी त्याला चपला घालता येईनात. आमच्या जुन्या घरातला संडास भारतीय बैठकीचा आहे, तिथून मंगळवारी पहाटे जो आवाज आला तो ऐकून शेजारचे काका काठी घेऊन आले. आणि नेमकं त्याच दिवशी सासूबाईंनी भावी सूनबाईंच्या घरच्यांबरोबर जोतिबाला जायचं ठरवलेलं. डोंगरावर पायऱ्या उतरूनच देवळात जायचं असतं. चढताना माणूस कसाबसा चढतो, उतरताना मात्र मांडीच्या स्नायूला ताणलं जात असतानाच भार पेलावा लागतो, आणि सगळा ठणका तिथं असतो. लॅक्टिक ॲसिडचा यात काही संबंध नाही, ते तासाभरात निघून गेलेलं असतं. हे सगळं मी त्याला एकेका पायरीवर सांगत होतो. तो दोन्ही हातांनी कठडा धरून, आडवा होऊन खेकड्यासारखा उतरत होता. मुलीच्या मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘पायात काय दोष न्हाई न्हवं?’’

मी मामांनाही लॅक्टिक ॲसिडचं सांगितलं. त्यांना ते पटलं असावं, कारण परत येईतो ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

बुधवारी मेव्हणा संडासातून बाहेर आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘दाजी, लघवी लाल झालीया.’’

हे मात्र मी वाचलेलं होतं. अंगवळणी नसताना बेसुमार व्यायाम केला तर स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं रंगद्रव्य रक्तात उतरतं, मूत्रपिंडावर ताण येतो आणि लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी गडद होते. क्वचित होतं, पण झालं तर गंभीर. मी त्याला बसवलं, पाणी पाजलं, त्या रोगाचं रॅब्डोमायोलिसिस हे नाव त्याला दोनदा उच्चारून दाखवलं. नावानंच तो अर्धा झाला. बायको रडायला लागली. सासूबाईंना फोन गेला, सासूबाईंनी अंबाबाईला ओटी बोलली. आम्ही रिक्षा करून दवाखान्यात पोचलो. रांगेत मी पुढं घुसलो. डॉक्टरांना मी निदान सांगितलं, लागणाऱ्या तपासण्या सांगितल्या, क्रिएटिन कायनेजचं स्पेलिंग सांगितलं. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी माझं होऊ दिलं. मग मेव्हण्याकडे वळून विचारलं, ‘‘काल काय खाल्लंत?’’

‘‘बिटाचा रस,’’ मेव्हणा म्हणाला. ‘‘तीन ग्लास. रीलमधी सांगिटलं हुतं, रक्त वाढतं म्हणून.’’

लघवी तपासली. ठणठणीत होती. डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितलं आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. रिक्षाचे पैसे मी दिले. अंबाबाईची ओटी भरायचीच होती, तीही मीच भरली.

एवढ्यावर मी सोडून दिलं असतं. पण एक भलतीच गोष्ट घडायला लागली. मेव्हणा सुधारत होता.

हे न्यायाला धरून नव्हतं. तो वजन हिसक्यानं उचलत होता, क्रम उलटा लावत होता, अंग गरम करायचं सोडून जिन्याच्या पायऱ्यांवर भागवत होता. तरी शर्टाची बाही दंडावर चढायला लागली. वजनकाटा ५७ दाखवायला लागला, म्हणजे खाशाबांचा गट. मी बायकोला समजावलं, की नवशिक्याचं असंच असतं. अगदी सुरुवातीला ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे, आहे तोच स्नायू कामाला लावायला मेंदू शिकतो. अशा वेळी माणसानं काहीही उचललं तरी फळ मिळतं. तो रोज जातो म्हणून सुधारतोय, बाकी काही नाही.

‘‘तुम्हीही रोजच जाता की,’’ बायको म्हणाली.

मी जातो. पण मला तिथं दुसऱ्यांची कामं असतात.

आणि मग एका शुक्रवारी मेव्हणा बेंचवर बसून घाम पुसत होता, आणि त्यानं मला व्यायामाबद्दल आपण होऊन पहिला प्रश्न विचारला.

‘‘दाजी, तुमी किती मारता?’’

जिममध्ये यापेक्षा भयंकर प्रश्न नाही. आजूबाजूच्या पोरांनी कानातली बोंडं काढली. इतक्या वर्षांत प्रथमच.

मी खरं सांगणार होतो. पण खरं म्हणजे काय? बॉइड एप्ली नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाचं एक सूत्र आहे. जेवढं वजन जितक्या वेळा उचललं, त्या वेळांना तीसनं भागायचं, त्यात एक मिळवायचा आणि वजनानं गुणायचं. म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती उचलेल ते येतं. मी पन्नास किलो सहा वेळा मारले होते. सहा भागिले तीस म्हणजे शून्य पूर्णांक दोन, अधिक एक, गुणिले पन्नास. साठ! गणित माझ्या बाजूचं होतं. त्या सहांपैकी शेवटचे दोन एका पोरानं सपोर्ट देऊन वर नेले होते, ही गोष्ट सूत्रात घालायची सोय नाही. (चारच धरले तर छप्पन्न किलो सहाशे सहासष्ट ग्रॅम येतात. हे मी नंतर पडल्या पडल्या काढलं.)

‘‘साठ,’’ मी म्हणालो. ‘‘आणि मारूनच दाखवतो, म्हणजे तुमच्या चुका तुम्हाला कळतील.’’

वीसचा रॉड, दोन्ही बाजूंना वीस-वीसची प्लेट. प्लेटा सरकू नयेत म्हणून मी स्वतः लॉक लावले आणि लॉक न लावणाऱ्यांविषयी दोन शब्द बोललो. मग मेव्हण्याला डोक्याशी सपोर्टला उभं केलं आणि सूचना दिल्या. रॉड छातीवर आपटायचा नसतो, हळू न्यायचा असतो, आणि छातीला टेकला की क्षणभर थांबायचं असतं, त्याला पॉज म्हणतात. तो पॉज नीट बघ. मोबाइलवर व्हिडिओ काढ, म्हणजे कोपरांचा कोन पुन्हापुन्हा बघता येईल. आणि सर्वांत महत्त्वाचं. जिमचा सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे गरज नसताना रॉडला बोट लावणं, ज्या रिपला दुसऱ्याचा हात लागला तो रिप धरत नाहीत. तेव्हा काहीही झालं तरी, मी ‘घे’ म्हणेपर्यंत हात लावायचा नाही.

‘‘काय सांगितलं?’’

‘‘तुमी घे म्हणेपतोर हात लावायचा न्हाई.’’

श्वास कोंडून मी रॉड उचलला. खाली नेला. हळू नेला. कोपरांचा कोन, आजही व्हिडिओत बघा, निर्दोष आहे. रॉड छातीला टेकला. थांबला.

आणि थांबलाच.

छातीवर साठ किलो असताना माणूस काय काय बोलू शकतो, यावर कुणी संशोधन केलं असेल तर मला माहीत नाही. ‘घे’ हा एकाक्षरी शब्द आहे, पण त्यालासुद्धा हवा लागते. माझी हवा आत कोंडलेली होती आणि तिच्यावर रॉड होता. मी डोळे मोठे केले. मेव्हण्यानं मोबाइल जवळ आणला.

‘‘बघा रं,’’ तो पोरांना म्हणाला, ‘‘ह्येला पॉज म्हणत्यात.’’

मी पाय झाडले. ‘‘पायाचा बी जोर लावत्यात व्हय?’’ एका पोरानं आदरानं विचारलं. मी मान हलवली. मान हलवायची नसते असं मीच मागे त्या पोराला सांगितलेलं, त्यानं ते हळूच शेजाऱ्याच्या कानात सांगितलं. रॉड कलता करून एका बाजूच्या प्लेटा खाली सोडाव्या म्हटलं, तर प्लेटा लॉकमध्ये पक्क्या. मी लावलेल्या. माझ्या तोंडातून ‘‘घ्’’ एवढं निघालं. मेव्हणा वाकला. त्याचे दोन्ही तळहात रॉडपासून चार बोटांवर येऊन थांबले. त्याच्या चेहऱ्यावर असा काही सच्चा आज्ञाधारकपणा होता, की दुसऱ्या कुठल्याही प्रसंगी मी त्याला मिठी मारली असती.

‘‘घे म्हना दाजी,’’ तो म्हणाला. ‘‘तुमी म्हनल्याशिवाय न्हाई लावणार हात.’’

पोरांच्या गलक्यानं की काय, वस्ताद जिना चढून वर आले. दारातच उभे राहिले, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मेव्हण्याकडे.

‘‘उचल,’’ वस्ताद म्हणाले.

मेव्हण्यानं साठ किलो एका झटक्यात उचलून स्टँडवर ठेवले. श्वास कोंडला नाही, पॉज घेतला नाही, कोपरांचा कोन साफ चुकला होता.

वस्ताद त्याच्या दंडाकडे बघून ‘‘हूं’’ म्हणाले आणि खाली गेले. त्यांच्या मागोमाग मेव्हणाही खाली गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या हातात फावडं होतं.

हाड मोडलं नव्हतं, बरगडीला नुसता मुका मार. हसताना, खोकताना आणि बोलताना दुखायचं. बायको म्हणाली, त्यातल्या दोन गोष्टी बंद झाल्या तर तिची हरकत नव्हती. व्हिडिओ त्याच रात्री सासरवाडीच्या ग्रुपवर गेला. सासूबाईंना त्यातलं काही कळलं नाही, त्यांनी खाली हात जोडलेली दोन चिन्हं टाकली. मुलीच्या मामांना मात्र सगळं कळलं. मामांनी तो पुढे पाठवला.

वैशाखात लग्न झालं. शेरवानी खांद्यावर उभी राहिली आणि पाठीवरही बसली, कारण हौद खणून पाठ जशी भरते तशी कशानं भरत नाही. पंगतीत मामा म्हणाले, ‘‘नवरदेव भरलाय की! कुणी तयार केला?’’ मी घसा साफ केला. तेवढ्यात मेव्हण्यानं वस्तादांचं नाव घेतलं. मी म्हटलं, पाया माझा आहे. हे वाक्य मी पंगत उठेपर्यंत अधूनमधून म्हणत होतो.

तर मंडळी, बेंचवर एकटे असाल तर रॉडला लॉक लावू नका. अडकलात तर एका बाजूला कलंडवा, आधी त्या बाजूच्या प्लेटा पडतील, मग रॉड उसळून दुसऱ्या बाजूच्या पडतील. आवाज होईल, फरशी फुटेल, बरगडी वाचेल. लॉक लावलेच असतील तर रॉड छातीवरून पोटाकडे लोळवत न्या आणि मांड्यांवर आला की उठून बसा. पोट माझ्याएवढं असेल तर चढ लागेल, दम धरा. आणि सपोर्टला कुणी उभा असेल तर त्याला एवढंच सांगून ठेवा, की रॉड थांबला की उचल. आणखी काही विचारायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर मी वरच्या मजल्यावर असतो. फी नाही.